घराकडं तोंड

१

रंगाऱ्याच्या घरात म्हशीचं दूध पिण्यासाठी कधी पुरलंच नाही. फाल्गुन लागला की धारेची चरवी सरळ पडवीत जायची आणि हिरड्याच्या पाण्यात रिकामी व्हायची. त्या पाण्यात मांजरपाट बुडवायचा, पायांनी तुडवायचा, पिळून उन्हात टाकायचा. वाळला की तो फिकट पिवळा पडतो आणि त्याला आंबूस-तुरट वास सुटतो, बरेच दिवस पडून असलेल्या माणसाच्या अंथरुणासारखा. हंबीर या वासात जन्मला होता, आणि या वासापासून पळूनच सांगलीच्या कॉलेजात गेला होता. तिथं जेमतेम दोन वर्षं टिकला. एका मास्तरनं भर वर्गात विचारलं, "रंगाऱ्याचा ना तू? मग इथं कशाला बाकं झिजवतोस?" त्यावर हंबीरनं जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण खोटंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो वळकटी घेऊन एसटीत बसला.

पोराचं शिक्षण बुडालं म्हणून बाप खचतो. हंबीरचा बाप, गुंडा रंगारी, ज्यांना घरात आबा म्हणत, ते खूश झाले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हात कापायला लागला होता, आणि देवीचा नवा पट रंगवायची वेळ दारात येऊन उभी होती. घराला हात पाहिजे होता; तो चालत आला. शिकला की नाही, रुसला की नाही, हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही.

दुसरा हात होता, पण तो फौजेत गेला होता. थोरला जोती. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या आघाडीवरून त्याच्याबद्दल तार आली. तारेत 'बेपत्ता' लिहिलं होतं. आता चौऱ्याहत्तरचा फाल्गुन चालू होता, आणि तारेनंतर सरकारकडून अक्षर आलेलं नव्हतं.

पडवीच्या कोपऱ्यात मडकं असायचं. त्यात घोड्याचे गंजके नाल, खिळे, गुळाचा खडा आणि पाणी. ते कुजतं, वर फेस येतो. रंगाऱ्याचं काळं म्हणतात ते हेच. पण मडक्यात ते काळं नसतंच, उकळून उरलेल्या चहासारखं असतं. बांबूची कलम त्यात बुडवून हिरड्याच्या कापडावर ओढली की आधी नुसती ओल दिसते. मग ती ओल बघता बघता करडी होते, आणि मग काळीकुट्ट. रेघ माणसानं ओढायची. काळी ती आपली आपण होते. लहानपणी जोती आणि हंबीर कापडावर वाकून श्वास धरायचे. काळं कुठल्या क्षणाला होतं ते दोघांनाही कधी पकडता आलं नाही.

२

पट बारा वर्षांनी नवा व्हायचा आणि चैत्रातल्या यात्रेला गावदेवीच्या मागं टांगला जायचा. वर झाडं, राघू, हत्ती, मधोमध देवी. खालच्या पट्टीत मात्र माणसं. परमुलखात मेलेली, ज्यांची माती गावाला मिळाली नाही अशी माणसं. पट्टीच्या एका टोकाला गावाची वेस, जिच्या आत घरं, दुसऱ्या टोकाला देऊळ, आणि मधे ही सगळी एकामागं एक निघालेली. सगळ्यांची तोंडं देवळाकडं.

पटात गेलेल्याला घराचं दार नाही, ही गावाची रीत. खालच्या आळीतला एक जण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेला होता. त्याला पटात घातला, आणि नंतर तो दाढी वाढवून, काठी टेकत स्वतःच्या दारात येऊन उभा राहिला. घरच्यांनी दार उघडलं नाही. दिवस कलेपर्यंत आईला हाका मारून तो निघून गेला. हंबीरचे चुलते हरिबातात्या ही गोष्ट तंबाखू मळत, मिटक्या मारत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "ह्याला म्हंत्यात रीत."

"ह्याला खून म्हंत्यात," हंबीर म्हणायचा.

"कॉलिजात हेच शिकलास व्हय रं?"

त्या फाल्गुनात तात्यांनी विषय काढला तोच मुळी जेवताना, म्हणजे शालूला वाढता वाढता ऐकावं लागेल असा. शालू जोतीची बायको.

"शालू अजून सवाष्णीत बसती," तात्या आबांना म्हणाले. "वटी भरून घेती. गावातल्या बायका तोंडावर बोलत न्हाईत, पर बोलत्यात. जोतीला यंदा पटात घ्यावा. एकदा काय ते मिटलं."

हंबीरनं घास खाली ठेवला. "दादा मेल्याचं तुमाला कुणी सांगितलं?"

"बेपत्ता म्हंजे काय रं? बैल बेपत्ता हुतो. माणूस मरतो."

"बैल हरवला तवा आठ दिस रानं पालथी घातलीत तुमी, तात्या. दादासाठी कवा एसटी स्टँडपर्यंत तरी गेलाता का?"

आबा मान खाली घालून जेवत राहिले. आबांचं न बोलणं हा त्यांचा निकाल असायचा. आयुष्यभर त्यांनी एकही वाईट गोष्ट स्वतःच्या तोंडानं केली नाही. ती होईपर्यंत गप्प बसून राहिले. थोड्या वेळानं ताटात हात धुऊन म्हणाले, "हंब्या, तुला जमत नसंल तर मी काढतो."

म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. पट देवीच्या मागं टांगला की देवळातच शालूच्या बांगड्या फुटणार, आणि जोती जिवंत असला, आला, तरी हे दार त्याला बंद.

दुपारी शालू नदीवर गेली. मागोमाग हंबीर गेला.

"वैनी, मी न्हाई काढणार. बोंबलू द्यात त्यास्नी."

शालूनं धुणं आपटायचं थांबवलं नाही. "काढा भावजी."

"तुमाला कळतंय का काय म्हंताय?"

"तुमी न्हाई काढला तर मामंजी काढतील. हात बघितलासा त्यांचा? मान एकीकडं, पाय एकीकडं. तसं नगं." तिनं पिळा दगडावर ठेवला आणि पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. "फकस्त एक करा. त्यांचं तोंड घराकडं ठिवा."

"सगळ्यांची देवळाकडं असत्यात, वैनी."

"म्हायती हाय मला," शालू म्हणाली, आणि धुणं उचलून निघाली.

३

पट अंथरला तेव्हा तात्या पोलिसासारखे डोक्याशी येऊन बसले. हंबीरनं चिंचेच्या काडीच्या कोळशानं आखणी करून घेतली होती. जुन्या पटावरची माणसं एकामागं एक उतरवली: काठीवाली म्हातारी, गाठोडंवाला, पोर कडेवर घेतलेली बाई. तोंडं सगळ्यांची सारखीच. बाजूनं दिसणारी, एक डोळा, सरळ नाक. माणूस ओळखायचा तो हातातल्या वस्तूवरून. रंगाऱ्याच्या घराची जागा ओळीत मधोमध होती. तिथं हंबीरनं खांद्यावर लोखंडी ट्रंक घेतलेला माणूस काढला. शालूचं बोलणं कानात होतं. पण तात्या समोर होते, आणि खरं सांगायचं तर रीत मोडायची हंबीरची हिंमत तोंडात होती तेवढी हातात नव्हती. त्यानं जोतीचं तोंड देवळाकडं काढलं.

ओल करडी झाली. करडी काळी झाली. कधी झाली ते याही वेळेला कळलं नाही.

"बेस," तात्या म्हणाले, आणि थुंकायला बाहेर गेले.

सकाळी हंबीर तोंड धुऊन पडवीत आला तर खालच्या पट्टीत काहीतरी खटकलं. ओळीत एखादा शब्द उलटा छापला गेला की डोळा आधी अडतो आणि मग कळतं, तसं. जोतीचं तोंड वेशीकडं होतं.

हंबीर हसला. मांजरपाट पातळ, काळं आरपार जातं. पाठीमागून बघितलं की सगळं चित्र उलटं दिसतं. पट रात्री कुणीतरी पालथा घातला असणार. रंगाऱ्याच्या घरात हे पोरासोरांकडूनही होतं. त्यानं पटाची कड धरून उलटायला घेतली आणि थांबला. काठीवाली म्हातारी देवळाकडं बघत होती. गाठोडंवालाही. पट पालथा असता तर सगळेच फिरले असते.

त्यानं तरीही पट उलटून बघितला. पाठीमागं सगळे वेशीकडं चालले होते आणि एकटा जोती देवळाकडं. पुन्हा सुलटा केला. जोती वेशीकडं.

४

शालूनं केलं. दुसरं काय असणार? इतकी वर्षं रंगकाम बघितलेली बाई, रोज मडक्याला पाणी घालणारी, कलम कशी धरायची ते तिला येत नसेल कशावरून? लिंबाचा रस हिरड्यावरचं काळं खातो, हे रंगाऱ्याच्या घरातल्या मांजरालाही माहीत. चुकलेली रेघ तशीच काढतात. तिनं लिंबानं तोंड पुसलं असणार आणि उलट्या बाजूचं काढलं असणार. हंबीरला हे इतकं पटलं की त्याला तिचा अभिमानच वाटला. घरातल्या दोन म्हाताऱ्यांना जे वाटेल ते करू द्यायचं, आणि मग गुपचूप आपल्याला हवं ते करायचं. त्याला हे जमलं नव्हतं.

पण लिंबानं पुसलेल्या जागी हिरड्याचा पिवळाही जातो आणि कापड पांढरं फटक पडतं. जोतीच्या तोंडाभोवती पांढरं कुठंच नव्हतं.

आबांना दिसत नव्हतं. तात्यांनी एकदा पटाकडं नजर टाकली, पण तात्यांना त्यांनी ठरवलेलंच दिसायचं. हंबीर कुणाला न दाखवता कामाला लागला. दिवसभर त्यानं जिथं तांबडं हवं तिथं तुरटीचं पाणी भरलं, पट तांब्याच्या हंड्यात मंजिष्ठेच्या लाल मुळ्यांसोबत उकळला, आणि दुसऱ्या दिवशी नदीवर नेला. कृष्णेच्या वाहत्या पाण्यात पट सोडला की जास्तीचा रंग लाल दोरीसारखा निघून जातो. मग तो वाळूवर पसरायचा आणि रंग बसेपर्यंत, वाळेल तसं वरून पाणी शिंपडत राहायचं. हंबीर शिंपडत पटाभोवती फिरत होता आणि फिरता फिरता पट्टीच्या मध्यावर आला.

मध्यावर जोती नव्हता.

तो काठीवाल्या म्हातारीच्या पलीकडं होता. म्हणजे वेशीच्या बाजूला. हंबीरनं काढला तेव्हा म्हातारी त्याच्या पाठीमागं होती. आता त्यानं तिला ओलांडलं होतं. आणि म्हातारीनं, जी काल अगदी पट्टीच्या मधून चालत होती, वाट दिल्यासारखं अंग चोरलं होतं.

आपण काढतानाच क्रम चुकवला असेल. झोप नव्हती. तात्या डोक्यावर बसले होते. उकळताना कापड आटतं, ओढलं जातं, रेघा हलतात. हंबीर ही कारणं एकेक करून उच्चारत गेला आणि प्रत्येक कारण उच्चारेपर्यंत खरं वाटायचं.

शालू जवळ येऊन उभी राहिली. तिनं पटाकडं बराच वेळ बघितलं.

"वैनी, खरं सांगा. तुमी हात लावलाय ह्याला?"

शालूनं दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले. हिरडा लागलेल्या हाताला मडक्यातलं पाणी लागलं की बोटं काळी होतात आणि आठवडा आठवडा जात नाहीत. हंबीरची स्वतःची नखं काळी होती. शालूचे हात धुणं धुऊन पांढरेफेक पडले होते.

"निघाल्यात ते," शालू म्हणाली. तिच्या तोंडावर हंबीरनं दोन वर्षांत न बघितलेलं काहीतरी होतं. तिला आनंद झाला होता.

५

त्यानंतर घरात शालूची लगबग सुरू झाली. तिनं जोतीची गादी उन्हात घातली. त्याचा पितळी तांब्या चिंचेनं घासला. सोप्याच्या दारापुढचं सारवण काढून नवं सारवलं. तात्यांना वाटलं, सून विधवा व्हायच्या आधी माहेरची तयारी करतेय. "समज आली बिचारीला," ते म्हणाले. हंबीरला तिच्याकडं बघवत नव्हतं. कधीकधी ती चुलीपुढं बसल्या बसल्या मान वर करायची, दाराकडं कान द्यायची आणि पुन्हा भाकरी थापायला लागायची.

पट सोप्यात टांगून ठेवला होता. हंबीर त्याच्याकडं पाठ करून जेवायचा. पण माणूस पाठ तरी किती वेळ करणार? एकदा बघितलं तेव्हा जोती गाठोडंवाल्याच्या पुढं होता. एकदा बघितलं तेव्हा त्याच्यापुढं एकच बाई उरली होती, कडेवर पोर असलेली. आणि कडेवरच्या पोरानं मान वळवून जोतीकडं बघितलं होतं. ते पोर हंबीरनं नुसता ठिपका म्हणून काढलं होतं. त्याला मान नव्हती.

यात्रा तोंडावर आली होती. सकाळी आबा आणि तात्या देवळात गुरवाशी बोलायला गेले. शालू मळ्यात वैरणीला गेली. हंबीरनं चार लिंबं कापली आणि पटापुढं बसला.

तो स्वतःला सांगत होता की हे वैनीसाठी. दादाला पटातून काढलं की तो मेलेला नाही. बांगड्या फुटणार नाहीत, दार बंद होणार नाही. म्हातारे काय करतील ते करोत. सगळं खरं होतं. पण त्याला जोतीचा तो एक डोळा सहन होत नव्हता हेही खरं होतं. तोंड बाजूनं काढलं होतं, डोळा एकच होता, आणि तरी तो हंबीरकडं बघत होता. म्हणून त्यानं सुरुवात तोंडापासून केली.

लिंबाची फोड दाबली. रस भिनला. काळं करडं झालं, करडं फिकट, आणि मग तिथं काहीच नाही. डोळा गेला. नाक गेलं. कपाळ, हनुवटी. खाली गळा, खांदा, खांद्यावर ट्रंक, आणि वर पांढरा डाग.

तेवढ्यात बाहेरून तात्यांची हाक आली. देवळातला मांडवाचा वासा निसटला होता, हात लावायला माणूस पाहिजे होता. हंबीर हात पुसून गेला. वासा धरून उभा असताना त्याला लिंबाचा वास येत राहिला.

६

जेवायच्या वेळेला तिघे परत आले. आबा-तात्या घोंगड्यावर टेकले. शालू आधीच परतून, पटापुढच्या लिंबाच्या फोडी उचलून चुलीपुढं बसली होती. ऊन भाजत होतं म्हणून दार लोटून कडी घातली होती. हंबीर उरलेलं काम कधी उरकता येईल या हिशेबानं पटाजवळ गेला.

पुसायला काही उरलं नव्हतं. गळा नव्हता, खांदा नव्हता, ट्रंक नव्हती, पाय नव्हते. आणि तिथं पांढराही डाग नव्हता. सपाट पिवळं कापड. जणू त्या जागी कधी कलम टेकलीच नव्हती. पोर कडेवर घेतलेली बाई पट्टीच्या कडेला सरकून उभी होती. वेस मोकळी होती.

ओट्यावर धप्प असा आवाज झाला. खांद्यावरचं जड काहीतरी खाली ठेवल्यासारखा.

भांडी किणकिणली. कोयनेच्या भूकंपाचा हादरा, हंबीरच्या मनात आलं. सदुसष्टपासून अधूनमधून येतात. पण हादरा एका जागी येत नाही.

कुणीतरी दारावर हात ठेवला. वाजवलं नाही, नुसता तळवा फळीवर ठेवला आणि सरकवला. मग आवाज आला. त्यात शब्द नव्हते. तोंड मिटून कुणी बोलायचा प्रयत्न केला तर येतो तसा, नाकातून घुमणारा, आधी लांबट आणि मग तुटका. दोनदा आला. दुसऱ्यांदा ते शालूचं नाव असावं इतपत वाटलं.

शालू उठली. तिच्या हाताला पीठ होतं.

हंबीर तिच्या आधी दाराशी पोचला. कडी काढायलाच तो गेला होता, हे पुढं तो शपथेवर सांगायचा. कडीवर हात होता. फळ्यांमध्ये बोटभर फट होती. त्यानं फटीला डोळा लावला. खाकी बाही. खाली ट्रंक. बाजूला लोंबता हात. मोठा, ओळखीचा, आंगठ्याजवळ तुटकं नख. डोळा वर नेला. कॉलर. कॉलरच्या वर पांढरं.

पट्टी असेल. मिरजेच्या दवाखान्यातून माणसं येतात, कपाळापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलेली. तोंडाला गोळी लागली असेल. दुसऱ्या देशाच्या छावणीतनं सुटून, दवाखान्यात पडून, आज कुठं एसटीनं उतरला असेल. अशी माणसं असतात. पट्टीला गाठ असते, कड असते, आतनं डाग येतो. हंबीरला एकदाच नीट बघायचं होतं, गाठ आहे का. नुसती मान वर करून बघायचं होतं.

त्यानं बघितलं नाही.

"भावजी, कडी काढा," शालू म्हणाली.

"थांबा वैनी."

"त्यास्नी बोलता येत न्हाई. काढा."

"थांबा म्हंतो न्हवं!"

"भावजी, पटात न्हाईत ते आता. तुमीच भाईर काढलंत त्यास्नी. आता कुटली रीत?" तिनं कडीला हात घातला. पिठाचा हात घसरला. तिनं पुन्हा घातला. "सोडा. पाया पडते तुमच्या. घराकडं तोंड करून आल्यात ओ. सोडा."

बाहेर तळवा फळीवरून खाली सरकत आला आणि बरोबर कडीच्या उंचीला थांबला. फळीच्या या बाजूला हंबीरचा हात होता. लाकूड गार पडलं, किंवा त्याचा हातच गार पडला. तो आवाज पुन्हा आला, अगदी जवळून, आणि यावेळी त्यात शालूचं नाव नव्हतं. हंबीरला लहानपणी ज्या नावानं एकच माणूस हाक मारायचा, ते नाव असावं.

हंबीरनं कडी दाबून धरली. दुसऱ्या हातानं त्यानं शालूला मागं ढकललं. जोरात, ती चुलीपर्यंत गेली.

मग ओट्यावरून जड काहीतरी उचलल्याचं ऐकू आलं. पायऱ्या. उन्हात तापलेल्या धुळीत पावलं, सावकाश, कुणीतरी ओझं तोलत चालल्यासारखी. ती देवळाकडं गेली की स्टँडकडं, ते आतून कळायला मार्ग नव्हता. फट तिथंच होती. हंबीर कपाळ फळीला लावून, डोळे मिटून उभा होता.

शालू जमिनीवर बसली होती आणि त्याच्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. तात्या ब्रह्मदेशातल्या माणसाची गोष्ट सांगायचे तेव्हा हंबीर स्वतः तात्यांकडं ज्या नजरेनं बघायचा, ती नजर होती.

मग आबा उठले, चाचपडत आले आणि हंबीरच्या खांद्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदाच.

"शाणा झालास," आबा म्हणाले. "आता घर तुझ्या हातात द्यायला हरकत न्हाई."

तात्यांनी सरकून घोंगड्यावर जागा केली. तंबाखूची चंची पुढं केली.

हंबीर जाऊन त्यांच्या शेजारी बसला.